उड्डाणपुलाखालची मुंबई

मुंबईला आपण कशासाठी जातो? कोणाच्या लग्नाला, कोणाला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला, आखाती देशात नोकरीला निघालेल्या भाच्या-पुतण्याला विमानतळावर सोडायला, नाहीतर ईदच्या खरेदीला. मुंबई पाहायला म्हणून गेलोच, तर गेटवे, राणीची बाग, हाजी अली आणि चौपाटी. संध्याकाळी पाय दुखतात, मुले झोपाळतात आणि आपण पाहुण्यांच्या घरी परततो.

आमचे कुटुंबही वर्षानुवर्षे असेच करत आले. आम्ही कोल्हापूरचे. घरातल्या बाईंचे माहेर कोकणातले, राजापूरकडचे. मुलांची खाला मुंबईत डोंगरीला राहते, त्यामुळे मुंबईत आमचा मुक्काम नेहमी तिच्याकडेच असतो. अलीकडे मात्र एक गोष्ट आमच्या लक्षात येऊ लागली होती. नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा शाळेत सुट्टीबद्दल सांगताना ‘डोंगरी’ हे नाव घेत नव्हते. ‘सीएसटीजवळ राहतो’ एवढेच सांगत. कारण विचारले तर मुलगा म्हणाला, “डोंगरी म्हटलं की मुलं पिक्चरमधले डायलॉग मारतात.”

मुलांना रागावण्यात अर्थ नव्हता. चित्रपटांनी त्या वस्तीला एकच चेहरा दिला आहे. त्याच्या जागी दुसरे काही ठेवायचे, तर ते आधी आपल्याला माहीत हवे. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवले की, या वेळी खालाच्या घराच्या आसपासचीच मुंबई पायी पाहायची, आणि तीही माहीतगार माणसाबरोबर.

हेरिटेज वॉक म्हणजे काय?

शहराच्या एखाद्या जुन्या भागातून पंधरा-वीस माणसांचा गट एका वाटाड्याबरोबर दोन-तीन तास पायी फिरतो. ठरलेली वाट असते, ठरलेले थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर ती इमारत कोणी बांधली, का बांधली, तिथे कोण राहत होते, हे वाटाड्या सांगतो. आपल्या देशात याला चांगले वळण लावले ते अहमदाबादने. तिथल्या महानगरपालिकेने १९९७ मध्ये असा फेरफटका सुरू केला. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून जुन्या पोळांमधून तो जामा मशिदीपाशी संपतो. ‘मंदिर ते मस्जिद’ अशीच त्याची ओळख आहे. पुढे २०१७ मध्ये अहमदाबादला युनेस्कोच्या जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. मुंबईतही आता अनेक संस्था आणि अभ्यासक असे फेरफटके घडवतात. फोर्टचे असतात, गिरणगावाचे असतात, बाणगंगेचे असतात.

मोहम्मद अली रोडचेही असतात. पण चौकशी केली तेव्हा कळले की, त्यातले बरेचसे रमजानमधले आणि खाण्यासाठीचे असतात. मिनारा मशिदीजवळची खाऊगल्ली, निहारी, मालपुवा, फिरनी. आपल्या घरचे जेवण लोकांना आवडते याचा आनंदच आहे. पण ज्या वस्तीने या शहराला बंदर, शाळा, बाजार आणि संगीत दिले, तिची ओळख ताटापाशीच का थांबावी? शोधाशोध केल्यावर याच भागाचा इतिहास सांगणारा रविवार सकाळचा एक फेरफटका मिळाला. माणशी पैसे भरून आम्ही चौघांची नावे नोंदवली.

स्थानकासमोरची शाळा

सकाळी सातला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर जमायचे होते. अठरा जणांचा गट होता. पुण्याची तीन कॉलेजची मुले, बँकेतून निवृत्त झालेले दादरचे एक काका आणि काकू, दोन परदेशी पाहुणे, आणखी काही जण. मुसलमान कुटुंब आमचे एकच. वाटाड्या म्हणून आलेली ताई वास्तुरचना शिकलेली होती. हातात जुन्या छायाचित्रांची फाइल आणि गळ्यात छोटा ध्वनिवर्धक.

ओळखी झाल्या. दादरचे काका कौतुकाने म्हणाले, “तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठे शिकलात?”

“घरी,” आम्ही म्हणालो.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुसलमान कुटुंबाला हा प्रश्न आयुष्यात दहा-वीसदा तरी विचारला जातो. पण मुलीने आमच्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत तो जुना प्रश्न आम्हाला दिसला: या शहरात, या राज्यात आपण पाहुणे आहोत का?

ताईने सगळ्यांना स्थानकाकडे पाठ करून उभे केले. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने उभारलेल्या त्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. “तिचे फोटो सगळे काढतात,” ताई म्हणाली, “पण फोटो काढताना ज्या इमारतीकडे आपली पाठ असते, ती आज आधी पाहू.”

ती इमारत म्हणजे अंजुमन-ए-इस्लामची शाळा. घुमट, मनोरे आणि कमानी असलेली ही देखणी वास्तू १८९३ मध्ये पुरी झाली. संस्था मात्र त्याआधीची, १८७४ ची. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोघे आणि गुलाम मुहम्मद मुन्शी यांनी ती स्थापन केली. मुसलमान मुलांनी आधुनिक शिक्षण घेतले नाही तर समाज मागे पडेल, ही त्यांची तळमळ होती. तय्यबजी सुलेमानी बोहरा, रोघे कोकणी मुसलमान. पंथ आणि जमात वेगळी, पण शाळेसाठी एकत्र आले.

बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले, १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला, तेव्हा आधी नाकारला गेलेला जामीन न्यायमूर्ती तय्यबजींनीच मंजूर केला. हे ऐकताच दादरचे काका दोन पावले पुढे आले. “हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. आम्हालाही कोणी सांगितले नव्हते.

बाजार, मुसाफिरखाना आणि आगबोटी

तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ मध्ये पुरी झालेली ही इमारत विल्यम इमर्सनने आखली. प्रवेशद्वारावरची दगडी शिल्पे लॉकवूड किपलिंग यांच्या हातची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्या वडिलांच्या. शेजारच्याच जे. जे. कलाशाळेत ते शिकवत. आपण इतक्या वेळा इथे सुका मेवा आणि फळे घेतली, पण मान वर करून ती शिल्पे पाहिली नव्हती. शेतमाल घेऊन आलेले कष्टकरी त्यांत आहेत.

मंडईजवळच, लोकमान्य टिळक मार्गावर, साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. इथे मात्र ताईपेक्षा आमच्याकडे सांगण्यासारखे जास्त होते. आजच्या मुलांना हज म्हणजे विमान एवढेच माहीत. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला आगबोटी जात. गावोगावचे यात्रेकरू बंदरावर जाण्याआधी मुंबईत येऊन मुसाफिरखान्यात उतरत. कागदपत्रे, लस, तिकीट असे सगळे होईपर्यंत तिथेच बिऱ्हाड थाटत. मुलांचे पणजोबा याच रीतीने राजापूरहून निघाले होते. लोखंडी पेटी, तांदूळ-डाळीचे गाठोडे आणि कफनाचे कापड घेऊन. परत येऊ की नाही याची खात्री नसे, म्हणून निघताना ते गावातल्या प्रत्येक घरी जाऊन माफी मागून आले होते. घरात ही आठवण अनेकदा निघते; पण ती जिथे घडली त्या भागात, अठरा माणसांसमोर, पहिल्यांदाच सांगितली. परदेशी पाहुण्यांपैकी एकाने विचारले, “आणि ते परत आले?” मुलगा पटकन म्हणाला, “आले. झमझमचं पाणी घेऊन.”

पाण्यावरची मशीद

क्रॉफर्ड मार्केटकडून कापडबाजाराच्या गल्ल्यांत शिरले की, शेख मेमन स्ट्रीटच्या गर्दीत मुंबईची जामा मशीद उभी आहे. खाली चारी बाजूंना दुकाने, त्यामुळे बाहेरून तिचा अंदाज येत नाही. ताईने परवानगी आधीच घेतली होती. चपला काढून, डोकी झाकून, नमाजाची वेळ टाळून आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर समोर पाणी दिसते. बाहेर हातगाड्या, हमाल, भोंगे. आणि इथे पायऱ्यांनी उतरत गेलेला हिरवट पाण्याचा हौज, त्यात मासे आणि कासवे. तळाशी झरे आहेत, त्यामुळे तो आटत नाही. या हौजातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आल्या आहेत आणि त्यांच्यावर मशीद उभी आहे.

असे का बांधले? ताईने सांगितलेली हकीकत जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची बाग होती आणि त्या बागेत हे तळे होते. मशिदीसाठी जागा मागितली, तेव्हा त्याने एक अट घातली: तळे बुजवायचे नाही. म्हणून मशीद तळ्यावरच बांधली गेली. १७७५ च्या सुमारास सुरू झालेले काम १८०२ मध्ये पुरे झाले. दगडी कमानी, पायऱ्या आणि वरचे मजले पुढच्या शतकात वाढत गेले.

पुण्याच्या एका मुलीने विचारले, “पण मशिदीत तळं कशासाठी?” ताई उत्तर देण्याआधी आमची मुलगीच बोलू लागली. वुजू म्हणजे काय, हात-तोंड-पाय कोणत्या क्रमाने धुतात, पाणी वाया का घालवायचे नाही, हे तिने नीट सांगितले. शाळेत ‘डोंगरी’ म्हणायला कचरणारी हीच मुलगी.

या मशिदीचा कारभार पूर्वापार कोकणी मुसलमानांकडे राहिला आहे. मुंबईच्या सर्वांत जुन्या मुसलमान रहिवाशांत त्यांची गणना होते. अंजुमनच्या संस्थापकांतले रोघे ‘नाखुदा’ होते, म्हणजे जहाजाचे धनी. समुद्र हाच या जमातीचा रस्ता होता. त्याही आधी, माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) यांनी याच बेटांवर राहून अरबीत कुरआनचे भाष्य लिहिले. मुंबईला ‘मुंबई’ म्हणून मोठेपण मिळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आणि कोकणी मुसलमानांच्या घरात बोलली जाणारी बोली मराठीचीच बहीण आहे. “मराठी कुठे शिकलात?” या प्रश्नाचे लांबलचक उत्तर त्या सोळा कमानींखाली सहाशे वर्षे मागे जाऊन सापडत होते.

मशीद नावाचे स्थानक

मोहम्मद अली रोड ओलांडून आम्ही पूर्वेकडे सॅम्युअल स्ट्रीटला निघालो. वर जे. जे. उड्डाणपूल आहे. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल २००२ मध्ये झाला. त्यावरून गाड्या काही मिनिटांत क्रॉफर्ड मार्केटहून जे. जे. रुग्णालयापाशी जातात. पुलावरून दिसतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्या आणि वाळत घातलेले कपडे. खाली काय आहे ते दिसत नाही, आणि थांबायला जागा नाही. आम्हीही टॅक्सीने कितीदा तसेच गेलो आहोत.

मध्य रेल्वेच्या ‘मस्जिद’ स्थानकाचे नाव कोणत्या मशिदीवरून पडले, असे ताईने विचारले. सगळ्यांनी जामा मशिदीचे नाव घेतले. ताईने आम्हाला एका जुन्या सिनेगॉगपुढे, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळापुढे, नेऊन उभे केले. ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. १७९६ मध्ये बांधले गेलेले हे मुंबईतले पहिले सिनेगॉग. आसपासचे लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि त्यावरूनच स्थानकाला नाव पडले, असे सांगतात.

ते बांधणारे समाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युअल इझिकेल, बेने इस्राएल होते. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानच्या कैदेत सापडले आणि तिथून सुखरूप सुटले, म्हणून कृतज्ञतेने त्यांनी हे प्रार्थनास्थळ बांधले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे.

दिवे गावचे ते दिवेकर. मुलांच्या आजोळचे आडनावही असेच ‘कर’ लागून संपते, गावाच्या नावावरून आलेले. यहुदी, मुसलमान, हिंदू. कोकणातून आलेल्या सगळ्यांनी मुंबईत येताना आपले गाव आडनावात बांधून आणले. दादरच्या काकूंचे माहेरचे आडनावही तसलेच निघाले, आणि पुढचा चौक येईपर्यंत घरातल्या बाई आणि त्या कोणाचे गाव कोणत्या खाडीला याच गप्पांत होत्या.

डोंगरीचे १०१ दिवस

डोंगरी आली तेव्हा मुलगा आमच्या मागे मागे राहिला. खालाची इमारत दोन गल्ल्यांवर होती. पुण्याच्या मुलांपैकी एकाने मोबाइल बाहेर काढत एका गुंडाचे नाव घेतले आणि त्याचे घर कुठे म्हणून विचारले. ताई शांतपणे म्हणाली, “ते इंटरनेटवर सापडेल. इथे मी दुसऱ्या दोन माणसांचा पत्ता सांगते.” आणि तिने उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाकडे बोट दाखवले. आज तिथे मुलांचे निरीक्षणगृह आहे.

पुढचे काकांनी सांगितले. त्यांना ते पाठ होते. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात ठेवले होते. खटला होता कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त लिहिल्याबद्दलचा. शिक्षा चार महिन्यांची झाली, १०१ दिवसांनी सुटका झाली. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. ‘डोंगरी’ हे नाव त्याच्या शीर्षकातच आहे. चित्रपटांच्या शंभर वर्षे आधी मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर डोंगरी आली होती, आणि ती कोल्हापूरच्या कामासाठी.

सकाळी तय्यबजींनी टिळकांना दिलेला जामीन ऐकला होता, आता हा तुरुंग पाहिला. दोन्ही गोष्टी एका तासाच्या चालीत. काका मुलाला म्हणाले, “बघ, तुझं कोल्हापूर आणि तुझी डोंगरी, दोन्ही एका गोष्टीत आली.” मुलाने पहिल्यांदाच गटाला सांगितले, “माझी खाला इथेच राहते.” आणि अठरा जणांना खालाच्या खिडकीची दिशा दाखवली. खालाला कळले असते तर तिने सगळ्यांना चहाला वर बोलावले असते.

इमामवाडा रस्त्यावर १८६० ची मुघल मशीद पाहिली. हिला इराणी मशीदही म्हणतात. शिराझहून आलेल्या व्यापाऱ्याने बांधलेली. दर्शनी भागावर निळ्या नक्षीच्या फरशा, आत हौज आणि झाडांची सावली. जामा मशिदीहून अगदी वेगळी. इस्लामी मुंबई म्हणून एकच साचा नाही, कोकणी, कच्छी, गुजराती, इराणी, उत्तर भारतीय अशा अनेक लोकांनी आपापल्या परीने ती रचली, हे इथे डोळ्यांनी कळते.

भेंडीची झाडे

भेंडी बाजारात ताईने नावाची कथा सांगितली. इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या भागाला ‘बिहाइंड द बाजार’ म्हणत, त्याचे लोकांनी ‘भेंडी बाजार’ केले. सगळे हसले. आपल्या दुकानाच्या पायरीवर बसलेले एक वयस्कर चाचा ऐकत होते. ते म्हणाले, “बेटी, ही गोष्ट सगळेच सांगतात. पण आमचे वडील सांगायचे, इथे भेंडीची झाडं होती.” ताईने लगेच मान्य केले. जुन्या नोंदीही झाडांच्याच बाजूने आहेत, विनोद म्हणून दुसरी कथा टिकली आहे, असे ती म्हणाली आणि चाचांना अजून काही आठवते का, ते वहीत टिपून घेतले. ही परसभेंडी, भाजीची भेंडी नव्हे. हृदयाच्या आकाराची पाने, पिवळी फुले. राजापूरकडे खाडीच्या काठाने आजही दिसते.

याच बाजाराच्या नावाने भारतीय संगीतातले एक घराणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तरेतून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू इथे राहिले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचे नाव मिळाले. नझीर खाँ यांनी गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर यांना शिकवले. छज्जू खाँ यांचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरही काही काळ शिकल्या.

जुन्या इमारतींबद्दल बोलताना आपण सहज हळहळतो. भेंडी बाजारात ते सोपे नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी इथली हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि ३३ माणसे गेली. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी मनोरे उभारण्याचे काम इथे चालू आहे. ज्यांनी पावसाळ्यात छताखाली बादल्या ठेवून रात्री काढल्या, त्यांना पक्के घर हवेच. पण घराबरोबर गल्ली जाते, गल्लीबरोबर शेजार जातो आणि चाचांसारख्या माणसांची पायरी जाते. मग भेंडीची झाडे होती, हे कोण सांगणार? इमारत वाचवता आली नाही तरी आठवण लिहून ठेवता येते. तीही आता घाईने लिहायला हवी.

आपली गोष्ट कोणी सांगायची?

फेरफटका संपला तेव्हा दहा वाजून गेले होते. काका-काकूंनी आमचा फोन नंबर घेतला. मुले थकली होती, पण बोलत होती.

आम्हाला मात्र एक गोष्ट पुढे काही दिवस टोचत राहिली. आपल्या मशिदीचा, आपल्या शाळेचा, आपल्या मोहल्ल्याचा इतिहास आम्हाला एका मुसलमान नसलेल्या तरुणीने सांगितला. तिने तो आदराने आणि अभ्यास करून सांगितला, त्याबद्दल तिचे आभार मानावे तेवढे थोडे. पण जे आमच्याकडे होते, म्हणजे पणजोबांची पेटी, वुजूचा अर्थ, चाचांची भेंडी, ते तिच्या फाइलमध्ये नव्हते. ते आपणच सांगायला हवे. नाही सांगितले, तर उरेल ते पडद्यावरचे डायलॉग आणि रमजानमधली खाऊगल्ली. प्रवास करून, आधीच्या लोकांच्या खुणा पाहून बोध घ्यायला आपल्या धर्मानेही सांगितले आहेच. त्याची सुरुवात घराजवळून करता येते.

असा फेरफटका करायचा असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सकाळी लवकरची वेळ घ्यावी, रविवारी गर्दी कमी असते. मुले दहा-अकरा वर्षांची तरी असावीत. लहान मुले तीन तास चालत नाहीत. मशीद, दर्गा किंवा सिनेगॉगमध्ये जायचे असेल, तर परवानगी, पोशाख, फोटो आणि स्त्रियांच्या प्रवेशाचे नियम आधी विचारावेत. प्रत्येक ठिकाणी ते वेगळे असतात. राहत्या घरांच्या खिडक्यांकडे कॅमेरा धरू नये. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना निघण्याआधी विचारावे, “तुम्ही इथे कधी आला होता? तेव्हा काय होतं?” अर्धा इतिहास त्यांच्याकडेच असतो.

घरी परतल्यावर मुलीने कोल्हापूरचा नकाशा पुढे घेतला आहे. तिला आपल्या गावात असा फेरफटका आखायचा आहे. पहिला थांबा दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले. कुरआनच्या मराठी भाषांतरासाठीही त्यांनी पैसा दिला. दुसरा थांबा उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या आठवणींचा. तिसरा अजून ठरायचा आहे. बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले जुने विद्यार्थी, किंवा ज्यांच्या घरात त्यांच्या आठवणी आहेत असे वाचक असतील, तर त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर चार ओळी जरूर लिहाव्यात. मुलीची वही तयार आहे.